मतं खरी, मैदान तिरकं

अर्जेंटिनात त्या काळी मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. 11 नोव्हेंबर 1951 च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीबद्दल आजही दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक बाजू म्हणते, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन याने ती दडपशाहीने उकळली. दुसरी म्हणते, लोकांनी भरभरून दिलेला तो कौल होता. दोन्ही बाजूंनी आधी मतदानाची रीत नीट पाहिली पाहिजे, कारण खोट नेमकी कुठे होती आणि कुठे नव्हती, हे तिथेच कळतं.

रविवारी सकाळी मतदार आपल्या भागातल्या शाळेत जाई. प्रत्येक टेबलाची मतदार यादी वेगळी, केंद्राध्यक्ष वेगळा. पुरुषाच्या हातात लष्करी नोंदणीची पुस्तिका, स्त्रीच्या हातात नवीकोरी नागरी पुस्तिका. अध्यक्ष नाव छापील यादीशी ताडून पाही आणि सही केलेला रिकामा लिफाफा देई. शेजारी बसलेले पक्षांचे प्रतिनिधीही लिफाफ्यावर सही करू शकत. मग मतदार एकटा एका वर्गखोलीत जाई. तिच्या खिडक्या झाकलेल्या, दार एकच उघडं. या खोलीला तिकडे ‘अंधारी खोली’ म्हणतात. आत टेबलावर प्रत्येक पक्षाच्या छापील पत्रिकांचे गठ्ठे मांडलेले असत. हवी ती पत्रिका लिफाफ्यात घालायची, लिफाफा चिकटवायचा, बाहेर येऊन सगळ्यांसमोर पेटीत टाकायचा. शेवटी पुस्तिकेत शिक्का. मतदान सक्तीचं होतं, त्यामुळे तो शिक्का नसला तर दंडाची भीती.

ही रीत 1912 च्या साएन्स पेन्या कायद्याने घातली. गुप्ततेच्या दृष्टीने ती चांगली होती, पण तिच्या कमकुवत जागा ठरलेल्या होत्या. अंधाऱ्या खोलीतला एखाद्या पक्षाचा गठ्ठा संपला किंवा कुणी खिशात घालून नेला, तर त्या पक्षाला पुढचं मत पडणारच नाही. म्हणून प्रतिनिधीने दर थोड्या वेळाने अध्यक्षाला घेऊन आत जायचं आणि गठ्ठे तपासायचे. ज्या पक्षाकडे प्रत्येक टेबलाला बसवायला माणूस नाही, त्याची मतं अशीच गळतात. दुसरी युक्ती साखळीची. पहिला मतदार सहीचा लिफाफा रिकामाच बाहेर आणतो, दलाल त्यात आपली पत्रिका घालून पुढच्याला देतो, तो भरलेला लिफाफा पेटीत टाकून स्वतःचा कोरा बाहेर आणतो. हे थांबवायला दिलेलाच लिफाफा परत आला का, हे सह्यांवरून पाहावं लागे. पण सह्या फार वेगवेगळ्या केल्या तर मोजणीच्या वेळी कुणाचा लिफाफा कोणता ते ओळखू येतं आणि गुप्तताच जाते. त्यामुळे एकाच तऱ्हेच्या सह्यांचे बरेच लिफाफे ठेवायचे. असं बारीक भान असलेले कार्यकर्ते ज्या पक्षाकडे, त्याची निवडणूक सुरक्षित.

त्याच आठवड्यांत आपल्याकडेही पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू होती. 25 ऑक्टोबर 1951 ला हिमाचलातल्या चिनी नावाच्या तहसिलीत (आजचं कल्पा) पहिली मतं पडली, कारण बर्फ पडण्याआधी तिथलं मतदान उरकायचं होतं. आपली तऱ्हा वेगळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी, पेटीवर चिन्ह, आणि मतदाराने काहीही न लिहिता सरकारी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षरओळख नसलेल्या माणसासाठी ती तऱ्हा सोपी होती, शिवाय गठ्ठा चोरण्याची भानगडच नाही.

आता मुख्य मुद्दा. 1951 च्या अर्जेंटिनात पेट्या फोडल्या गेल्या नाहीत, आकडे बदलले गेले नाहीत. 1930 च्या दशकात तिथे उघड गैरप्रकार चालत. पेट्या बदलल्या जात, मेलेल्यांची मतं पडत, आणि सत्ताधारी त्याला ‘देशभक्तीपर फसवणूक’ म्हणत. त्या दशकाची लाज देशाला होती. 24 फेब्रुवारी 1946 ला पेरॉन पहिल्यांदा निवडून आला ती निवडणूक लष्कराच्या देखरेखीखाली झाली आणि स्वच्छ झाली. त्याला निम्म्याहून थोडीच जास्त मतं होती. 1951 मध्ये त्याला सुमारे 62 टक्के मतं मिळाली. मुख्य विरोधी रॅडिकल पक्षाच्या रिकार्दो बालबीन आणि आर्तुरो फ्रोंदिसी या जोडीला सुमारे 32. ही मतं खऱ्या माणसांनी, अंधाऱ्या खोलीत एकटं उभं राहून दिलेली होती. ज्यांना पेरॉन आवडत नाही त्यांनीही हे मान्य करायला हवं.

का दिली, हेही समजण्यासारखं आहे. शेतमजुरांसाठीचा 1944 चा कायदा, भरपगारी रजा, वर्षाअखेर तेराव्या महिन्याचा पगार, निवृत्तिवेतनाचा वाढत गेलेला पसारा, युनियनला मिळालेली ताकद. हे सगळं कागदावर राहिलं नाही, पाकिटात आलं. युद्धात साठलेल्या परकीय गंगाजळीवर 1946 ते 1948 ही वर्षं तेजीत गेली. ब्रिटिश मालकीची रेल्वे 1948 मध्ये देशाची झाली. ज्या मजुराला मालकाने कधी नावाने हाक मारली नव्हती, त्याच्याकडे आता कामगार न्यायालयात जाण्याची सोय होती. अशा माणसाला ‘भुलवला गेला’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने आपला फायदा ओळखला होता.

पण निवडणूक एका दिवसाची नसते. मतदानाच्या दिवसापर्यंत पोहोचताना विरोधकांना काय काय ओलांडावं लागलं, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

जुन्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नसे. 1949 मध्ये नवी घटना झाली. ब्यूनोस आयर्स प्रांताचा गव्हर्नर दोमिंगो मेर्कान्ते घटना परिषदेचा अध्यक्ष होता. जुन्या घटनेतलं कलम 77 बदलून फेरनिवडीचा मार्ग मोकळा केला गेला, आणि रॅडिकल सभासद निषेध करून बाहेर पडले. याच घटनेने निर्वाचक मंडळ काढून टाकून थेट निवडणूक आणली. त्यामुळे केंद्राच्या ताब्यातल्या विरळ वस्तीच्या भूभागांतल्या रहिवाशांनाही राष्ट्राध्यक्षासाठी मत देता आलं. एकाच दस्तऐवजात सत्ता लांबवणारं कलमही आहे आणि मताचा हक्क पसरवणारंही. या राजवटीबद्दल बोलताना हा पेच सारखा समोर येतो, आणि सोयीची अर्धी बाजू उचलणारे दोन्हीकडे भेटतात.

त्याच वर्षी पक्षांविषयीचा कायदा झाला. त्याने निवडणूक आघाड्यांना बंदी घातली, नव्या पक्षाला मान्यतेसाठी 3 वर्षं थांबायला लावलं, आणि निवडणुकीवर बहिष्कार टाकणाऱ्या पक्षाच्या डोक्यावर विसर्जनाची टांगती तलवार ठेवली. 1946 मध्ये रॅडिकल, समाजवादी, कम्युनिस्ट आणि पुरोगामी लोकशाहीवादी एका झेंड्याखाली आले होते. आता तसं येणं बेकायदा ठरलं. एकत्र यायचं नाही, वेगळं निघायचं नाही, घरीही बसायचं नाही.

याच्या जोडीला अवमानाचा कायदा कडक झाला. राष्ट्राध्यक्षावर जहाल टीका केली तर तो गुन्हा, आणि टीका खरी होती हा बचाव नाही. बालबीनचं उदाहरण घ्या. तो प्रतिनिधीगृहात रॅडिकलांचा नेता होता. 1949 मध्ये त्याला सभागृहातून काढलं. 12 मार्च 1950 ला तो ब्यूनोस आयर्स प्रांताच्या गव्हर्नरपदासाठी उभा होता, त्या दिवशी स्वतःचं मत देऊन होताच त्याला अटक झाली. 5 वर्षांची शिक्षा सुनावली गेली. जानेवारी 1951 मध्ये पेरॉनने त्याला माफी दिली. म्हणजे राष्ट्राध्यक्षाचा मुख्य प्रतिस्पर्धी राष्ट्राध्यक्षाच्याच मेहरबानीवर तुरुंगाबाहेर आलेला होता. प्रचार त्याने कोणत्या सावलीत केला असेल, ते यावरून कळावं.

वर्तमानपत्रांची कथा याहून मोठी आहे. ‘ला प्रेन्सा’ हे 1869 पासूनचं, खंडातल्या वजनदार दैनिकांपैकी एक. जानेवारी 1951 मध्ये वृत्तपत्र विक्रेत्यांच्या युनियनने मागण्या पुढे केल्या, त्यात छोट्या जाहिरातींच्या उत्पन्नातला 20 टक्के वाटाही होता. छपाई थांबली. एप्रिलमध्ये संसदेने कायदा करून वर्तमानपत्र सरकारजमा केलं आणि ते कामगार महासंघाकडे, म्हणजे सीजीटीकडे, सोपवण्यात आलं. नव्या मालकीखाली ते पुन्हा निघालं 19 नोव्हेंबरला, मतदानानंतर आठवड्याने. प्रचाराच्या संपूर्ण काळात देशातला सर्वांत मोठा विरोधी आवाज छापलाच गेला नाही. बाकीच्यांना आवरायला न्यूजप्रिंट पुरे होतं. कागद आयातीचा, त्याचा कोटा सरकारच्या हातात. कागद कमी मिळाला की पानं कमी, पानं कमी झाली की आधी जाहिराती जातात, मग पैसा जातो. रेडिओ तर आधीच सरकार किंवा सरकारच्या मित्रांकडे गेलेला होता. विरोधी उमेदवाराला रेडिओ बंद, म्हणून चौकातल्या सभा आणि भोंगे एवढंच हाती उरलं.

सभांनाही मुदत होतीच. 28 सप्टेंबर 1951 ला जनरल बेंजामिन मेनेंदेसने उठाव केला. तो फसका निघाला, त्याच दिवशी मोडला गेला. पण त्याच्या निमित्ताने ‘अंतर्गत युद्धस्थिती’ जाहीर झाली आणि ती 1955 पर्यंत उठलीच नाही. मतदान सहा आठवड्यांवर असताना विरोधकांच्या सभांवर पोलिसांची नजर आणखी जड झाली. कम्युनिस्टांचे उमेदवार रोदोल्फो गिओल्दी यांच्यावर पाराना शहरात प्रचारादरम्यान गोळी झाडली गेली. त्यांच्यासोबत उपाध्यक्षपदासाठी डॉक्टर आल्सिरा दे ला पेन्या उभ्या होत्या. पहिल्यांदाच स्त्रिया मत देत असलेल्या या निवडणुकीत मतपत्रिकेवरचं हे एका बाईचं नाव बहुतेक लेखांतून गळून जातं.

आणि तारीख. पेरॉनची मुदत 4 जून 1952 ला संपत होती. निवडणूक 1952 च्या सुरुवातीला व्हायची ती नोव्हेंबर 1951 ला ओढली गेली. त्या वर्षी महागाई 30 टक्क्यांच्या वर होती, दुष्काळाने गहू हातचा जात होता, गंगाजळी आटली होती. काटकसरीची आर्थिक योजना जाहीर झाली फेब्रुवारी 1952 मध्ये. मांसाची बंदी असलेले दिवस आणि बाजरीसारखं धान्य मिसळलेला काळपट पाव लोकांच्या ताटात आले ते मतदानानंतर. यात बेकायदा काही नाही. तारीख ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याने आपल्या सोयीची ठरवली. म्हणूनच हा अधिकार एका हातात असू नये असं मला ठामपणे वाटतं.

सगळ्यात खोल घाव मात्र मतदारसंघांनी घातला. जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रांतात पहिल्या पक्षाला दोन तृतीयांश जागा आणि दुसऱ्याला एक तृतीयांश मिळत. रॅडिकल जवळपास सगळीकडे दुसरे होते, म्हणजे तिसरा हिस्सा त्यांचा ठरलेला. जुलै 1951 च्या 14.032 क्रमांकाच्या कायद्याने ही पद्धत गेली आणि एका जागेचे मतदारसंघ आले. त्यांच्या सीमा आखणारे हात सत्ताधाऱ्यांचे. निकाल: 149 पैकी 135 जागा पेरॉनपक्षाला, 14 रॅडिकलांना. 32 टक्के मतांना 10 टक्केही जागा नाहीत. सिनेटमध्ये विरोधकांचा एकही माणूस नाही, गव्हर्नर सगळे पेरॉनचे. एका जागेच्या मतदारसंघात असा फुगवटा मुद्दाम न करताही येतो. आपल्याकडे त्याच वेळी काँग्रेसला सुमारे 45 टक्के मतांवर 489 पैकी 364 जागा मिळाल्या होत्या. पण 62 टक्के ज्याच्या मागे आहेत, त्याने खेळाचे नियम निवडणुकीआधी चार महिन्यांवर बदलावेत, याचं कारण जिंकणं हे असू शकत नाही. त्याला समोर कुणी उभंच नको होतं.

आता बायकांकडे येते, कारण या निवडणुकीचा गाभा तिथे आहे.

साएन्स पेन्या कायदा मताला ‘सार्वत्रिक’ म्हणत असे, पण मतदार यादी लष्करी नोंदणीतून काढली जाई. बायका लष्करी नोंदणीत नाहीत, म्हणून यादीतही नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, 1911 मध्ये, हुलिएता लान्तेरी या डॉक्टर बाईंनी ब्यूनोस आयर्सच्या नगरपालिका निवडणुकीत मत दिलं होतं, कारण तिथल्या नियमात स्त्री-पुरुष असा उल्लेखच नव्हता. लष्करी यादीची अट आली आणि ती फट बुजली. पुढे तीन दशकं समाजवादी आणि स्वतंत्र विचारांच्या स्त्रिया या हक्कासाठी झगडल्या. रवींद्रनाथांचा ब्यूनोस आयर्सजवळच्या सान इसिद्रोत पाहुणचार करणाऱ्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो आपल्याला माहीत आहेत. 1945 मध्ये लष्करी सरकार हुकमाने हा हक्क देऊ पाहत होतं, तेव्हा ओकाम्पो आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी विरोध केला. मताचा हक्क हवा, पण तो स्वच्छ निवडणुकीतून आलेल्या संसदेने द्यावा, अशी त्यांची भूमिका. 1953 मध्ये पेरॉनच्या राजवटीने ओकाम्पोंना तुरुंगात टाकलं, तेव्हा सुटकेसाठी नेहरूंनीही शब्द टाकला होता.

सप्टेंबर 1947 मध्ये 13.010 क्रमांकाचा कायदा झाला आणि हक्क मिळाला. पण कायदा म्हणजे मतदार यादी नव्हे. लाखो बायकांची नोंद करायची, जन्माचा दाखला शोधायचा, फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेऊन पुस्तिका द्यायची. दूरच्या खेड्यात जन्माची नोंदच नसलेल्या बायका होत्या. या कामात पेरॉनची पत्नी एवा हिचं संघटनकौशल्य दिसतं. जुलै 1949 मध्ये ब्यूनोस आयर्सच्या सेर्वान्तेस नाट्यगृहात पेरॉनवादी स्त्री पक्ष स्थापन झाला, आणि तिने 23 प्रतिनिधी निवडून प्रांताप्रांतात पाठवल्या. त्या शिक्षिका, परिचारिका, कचेरीत काम करणाऱ्या मुली होत्या. काम असं: दार ठोठवायचं, घरात किती बायका ते लिहायचं, पुस्तिका काढली का ते विचारायचं, नसेल तर नोंदणीला घेऊन जायचं. वस्तीत एखादी जागा भाड्याने घ्यायची. तिथे शिवणाचा, टायपिंगचा, अक्षरओळखीचा वर्ग, मुलांना सांभाळायची सोय, डॉक्टरकडे चिठ्ठी. या केंद्रांत पुरुषांना प्रवेश नसे. ही अट फार शहाणपणाची होती. नवऱ्याला आणि वडिलांना हे ठिकाण राजकारणाचा अड्डा वाटलं नाही, म्हणून त्यांनी बायकामुलींना अडवलं नाही.

तुलनेसाठी आपला अनुभव आठवावा. 1951 च्या मतदार यादीत हजारो गावांत बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावं यादीबाहेर राहिली. अर्जेंटिनात घरोघर फिरणाऱ्या बाईकडे हे काम होतं. फक्त ती एका पक्षाची होती. राज्याने करायचं काम पक्षाने केलं, म्हणून मत मिळवून देण्याचं श्रेयही पक्षाला आणि नोंदीची वहीही पक्षाकडे.

22 ऑगस्ट 1951 ला सीजीटीने ब्यूनोस आयर्समधल्या नऊ जुलै मार्गावर प्रचंड सभा भरवली आणि एवाने उपाध्यक्षपद घ्यावं असा आग्रह धरला. गर्दी होकाराशिवाय हलेना. 31 ऑगस्टला तिने रेडिओवरून नकार कळवला. लष्करातला विरोध आणि तिचं आजारपण, दोन्ही त्यामागे होते. उमेदवारी आधीच्याच उपाध्यक्षाकडे, ओर्तेन्सियो किहानोकडे राहिली. 17 ऑक्टोबरला अर्जेंटिनाच्या दूरचित्रवाणीचं पहिलं प्रक्षेपण झालं ते प्लासा दे मायो या चौकातल्या सभेचं, एवा त्यात बोलली. 6 नोव्हेंबरला आव्हेयानेदाच्या रुग्णालयात तिच्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पाच दिवसांनी मतपेटी तिच्या खाटेपाशी नेली गेली आणि तिने आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं मत दिलं. 26 जुलै 1952 ला ती गेली. किहानो तर दुसऱ्या मुदतीची शपथ घेण्याआधीच, एप्रिल 1952 मध्ये वारला होता. उपाध्यक्षपदासाठी 1954 मध्ये वेगळी निवडणूक घ्यावी लागली.

बायकांची टेबलं पुरुषांपासून वेगळी असल्याने त्यांचा कौल वेगळा मोजता येतो. सुमारे 38 लाख स्त्रियांनी मत दिलं, नोंदलेल्यांपैकी 90 टक्के. त्यांच्यात पेरॉनचं प्रमाण पुरुषांपेक्षा थोडं जास्त, जवळपास 64 टक्के. 23 बायका प्रतिनिधीगृहात आणि 6 सिनेटमध्ये निवडून गेल्या, सगळ्या पेरॉनपक्षाच्या, कारण एवाने उमेदवाऱ्यांचा तिसरा हिस्सा स्त्री शाखेसाठी मागून घेतला होता. उमेदवार तिनेच निवडल्या. तालुक्यात दारोदार फिरलेली बाई थेट संसदेत बसली. रॅडिकल पक्षाकडे याच्या तोडीचं काहीच नव्हतं, आणि त्याचा दोष पेरॉनकडे जात नाही.

सप्टेंबर 1955 मध्ये लष्कराने पेरॉनला घालवलं. 1956 मध्ये त्याची घटना रद्द झाली आणि त्याचं नाव घेणंही गुन्हा ठरलं. जुलै 1957 च्या घटना परिषदेच्या निवडणुकीत 21 लाखांहून जास्त लिफाफे रिकामे निघाले, कोणत्याही एका पक्षाच्या मतांपेक्षा जास्त. ज्यांना 1951 मध्ये 14 जागांवर आणलं होतं ते मोकळे झाले, आणि ज्यांनी 62 टक्के मिळवले होते त्यांना पत्रिकाच उरली नाही. दोन्ही वेळा मतदार होता तिथेच होता. त्याच्यापुढचे पर्याय कमी करणारे तेवढे बदलले.

निवडून आलेल्या बायकांपैकी अनेकींना 1955 नंतर तुरुंग पाहावा लागला. त्यांत प्रतिनिधीगृहाच्या उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचलेल्या देलिया पारोदीही होत्या. पुढच्या संसदांत बाकांवरच्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. 1983 मध्ये लोकशाही परतली तेव्हाही प्रतिनिधीगृहात त्यांचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आतच होतं. 1991 मध्ये कायदा करून प्रत्येक पक्षाच्या यादीत किमान 30 टक्के स्त्रिया, आणि त्याही निवडून येण्याजोग्या क्रमांकावर, असं बंधन घालावं लागलं. ते बंधन आता सगळ्याच पक्षांवर होतं.